प्रौढ साक्षरता कार्य : नांदेड व लातूर जिल्हे

शालेय वय उलटून गेलेल्या निरक्षर स्त्रीपुरुषांना वाचन, लेखन व व्यवहारापुरते गणित शिकविण्याचे आणि त्याच्या जोडीने आरोग्य, शेती व एखादा हातव्यवसाय यांचे जुजबी ज्ञान देण्याचे, शासनाच्या खर्चाने चालणारे संघटित कार्य. महाराष्ट्रात ते समाजशिक्षण, प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण इ. नावांनी चालत आले आहे. नावे बदलली, तसतशी उद्दिष्टेही काही अंशी बदलली. मात्र गावातील रात्रीचा वर्ग, त्या वर्गाची नोंदवही आणि वर्षाअखेर वर पाठवावयाचा आकडा या तीन गोष्टी बहुतेक प्रत्येक योजनेत कायम राहिल्या. मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागांतील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या कार्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही ठळकपणे दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार सात वर्षे व त्यांवरील लोकसंख्येत साक्षरतेचे प्रमाण नांदेड जिल्ह्यात सु. ७५ टक्के व लातूर जिल्ह्यात सु. ७७ टक्के होते. राज्याचे प्रमाण सु. ८२ टक्के होते. दोन्ही जिल्ह्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा सु. पंधरा किंवा त्याहून अधिक टक्क्यांनी कमी होते. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १९९१ मध्ये, हेच प्रमाण अनुक्रमे सु. ४८ व सु. ५६ टक्के होते. या वाढीतील मोठा वाटा प्राथमिक शाळांचा आहे. प्रौढवर्गांचा वाटा किती, हे जनगणनेवरून ठरविता येत नाही. कारण शाळेत शिकलेला साक्षर आणि रात्रीच्या वर्गात शिकलेला साक्षर यांची वेगळी गणना तीत होत नाही. शिवाय गणक व्यक्तीला विचारून नोंद करतो, वाचावयास लावून पाहत नाही.

पूर्वपीठिका : आजचे हे दोन जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तर बीदर जिल्ह्यात मोडत आणि ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखाला जोडले गेले. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व इस्लापूर हा भाग नांदेडमध्ये आला, तर नांदेडचा मुधोळ तालुका आंध्र प्रदेशात गेला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. त्यामुळे त्यापूर्वीची लातूरची शैक्षणिक आकडेवारी उस्मानाबादच्या आकडेवारीतच मिसळलेली आहे.

संस्थानात १९०१ च्या गणनेनुसार दर शंभरांत अवघे तीन लोक लिहिता-वाचता येणारे होते. स्त्रियांत हे प्रमाण हजारात तीन इतकेच होते. परंतु या प्रदेशातील निरक्षरतेचे स्वरूप केवळ या आकड्यांवरून ध्यानात येत नाही. संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार्सीऐवजी उर्दू झाली होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. गावचे दप्तर बव्हंशी मोडीत, तहसील व न्यायालय यांचे कामकाज उर्दूत आणि धार्मिक पोथ्या बाळबोधीत अशी तीन लिप्यांची विभागणी होती. परिणामी देवनागरी वाचू शकणारा शेतकरी आपल्याच जमिनीच्या निकालापुढे निरक्षर ठरे. सावकाराचा कागद, पटवाऱ्याचा उतारा व न्यायालयाचे समन्स हे तिन्ही वाचून घेण्यासाठी त्याला तीन वेगवेगळ्या माणसांकडे जावे लागे. कागदाविषयीची भीती आणि कागद वाचून देणाऱ्यावरचे अवलंबन या प्रदेशात जितके खोल रुजले, तितके ते मुंबई इलाख्यात क्वचितच आढळे. हे जुने दप्तर आजही पुरते वाचून झालेले नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन कागदपत्रे तपासण्यासाठी मोडी, उर्दू व फार्सी जाणणाऱ्यांचा शोध नव्याने घ्यावा लागला.

शिक्षणप्रसाराच्या खाजगी प्रयत्नांना संस्थानात फारसा वाव नव्हता. सार्वजनिक सभांवर गश्ती क्र. ५३ अन्वये निर्बंध होते आणि खाजगी शाळा काढण्यासही सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा स्थितीत हिप्परगा (उस्मानाबाद जिल्हा) येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा आणि स्वामी रामानंदतीर्थांसारख्या शिक्षक-कार्यकर्त्यांचे काम हे अपवादात्मकच म्हणावे लागेल. या शाळा मुलांसाठी होत्या. तथापि पुढे गावोगाव प्रौढवर्ग चालविणारी शिक्षकांची पहिली पिढी अशाच वातावरणात घडली. शेजारच्या मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८-३९ च्या सुमारास, प्रौढ साक्षरतेचे सरकारी कार्य सुरू झाले होते. मराठवाड्यात तशी सुरुवात व्हावयास संस्थानचे विलीनीकरण (१७ सप्टेंबर १९४८) व्हावे लागले.

समाजशिक्षण व ग्रामशिक्षण मोहीम : स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने ‘प्रौढ शिक्षण’ याऐवजी ‘समाजशिक्षण’ ही व्यापक संज्ञा रूढ झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात प्रत्येक विकासगटात समाजशिक्षण संघटकाची नेमणूक होऊ लागली. साक्षरतेचे वर्ग, वाचनालये, भजनी मंडळे, युवक व महिला मंडळे असा या संघटकाच्या कामाचा पसारा होता. तो एवढा मोठा होता, की त्यात साक्षरता मागे पडली. मराठवाड्याच्या दृष्टीने या काळातील महत्त्वाची घटना शिक्षणखात्याबाहेरची आहे : १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. कारभाराची भाषा मराठी होत गेली आणि देवनागरी शिकलेल्या प्रौढाला आपले अक्षरज्ञान कचेरीत वापरता येण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम त्यानंतर लवकरच राज्यभर नेण्यात आली. गाव हा तिचा घटक होता. चौदा ते पन्नास वयोगटातील सर्व निरक्षरांची यादी करावयाची, गावातील प्राथमिक शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी विनावेतन वर्ग चालवावयाचे आणि सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावयाचा, अशी तिची पद्धती होती. खर्च अत्यल्प असे. गावाच्या अभिमानाला केलेले आवाहन हे या मोहिमेचे खरे भांडवल होते आणि त्याच्या बळावर तिने काम करून दाखविले, हे मान्य केले पाहिजे. तिचा दोषही त्यातच होता. समारंभ उरकला, की वर्ग बंद होत. चार महिन्यांत अक्षरे ओळखू लागलेल्या माणसाला त्यानंतर वाचावयास काही मिळत नसे. वृत्तपत्र गावात येत नसे. आले तरी नवसाक्षराला त्यातील बारीक अक्षर व जोडाक्षरांनी भरलेली भाषा झेपत नसे. पुन्हा निरक्षर होण्याचे प्रमाण त्यामुळे मोठे होते. ही उणीव पुढील प्रत्येक योजनेच्या प्रास्ताविकात मान्य केली गेली आणि तरीही ती पुढील बहुतेक योजनांत शिल्लक राहिली.

अधिक उत्पादन देणाऱ्या बियाण्यांच्या प्रसाराला जोडून १९६७-६८ पासून देशाच्या निवडक जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेची योजना राबविण्यात आली. शेती, शिक्षण व नभोवाणी या तीन खात्यांचे सहकार्य तीत अपेक्षित होते. खताच्या पिशवीवरील मजकूर वाचता यावा, औषधाचे प्रमाण काढता यावे यांसारखी उद्दिष्टे तीत प्रथमच मांडली गेली आणि ‘काय वाचावयाचे’ हा प्रश्न ‘वाचता येते का’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला गेला.

राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम : २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमात पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. साक्षरता, कार्यकुशलता व सामाजिक जाणीव ही त्याची तीन अंगे होती. या कार्यक्रमाने जी प्रशासकीय रचना घातली, ती पुढे दशकभर टिकली. म्हणून ती थोडी तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

सु. तीस प्रौढांचे एक केंद्र व त्यावर एक निदेशक अशी तळाची रचना होती. निदेशक बहुधा गावातलाच असे : प्राथमिक शिक्षक, शाळा सोडलेला तरुण किंवा चार इयत्ता शिकलेली गृहिणी. त्याला दरमहा ५० रु. मानधन मिळे, पुढे ते १०० रु. झाले. साधारणतः तीस केंद्रांवर एक पर्यवेक्षक असे आणि शंभर ते तीनशे केंद्रे मिळून एक प्रकल्प होई. प्रकल्प अधिकाऱ्याच्या वर जिल्हा प्रौढ शिक्षण अधिकारी व राज्य पातळीवर पुण्याचे प्रौढ शिक्षण संचालनालय अशी उतरंड होती. ग्रामीण कार्यात्मक साक्षरता प्रकल्पांचा खर्च केंद्र शासन करी, राज्याचे प्रकल्प राज्याच्या अंदाजपत्रकातून चालत, तर स्वयंसेवी संस्था, महाविद्यालये व नेहरू युवक केंद्रे यांना अनुदान मिळे. प्रवेशिका, निदेशकांचे प्रशिक्षण व नवसाक्षरांसाठी वाचनसाहित्य पुरविण्याची जबाबदारी राज्य साधन केंद्रावर होती. महाराष्ट्रात हे केंद्र पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत होते. ही संस्था जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केली व १९७६ मध्ये ती पुण्यास आली. केंद्राचा कालावधी दहा महिने, म्हणजे सु. ३०० ते ३५० तासांचा असे. पाट्या, फळा, कंदील व रॉकेल यांसाठी किरकोळ तरतूद असे. विजेची सोय नसलेल्या वस्त्यांत रॉकेल संपले, की वर्गही संपे.

नांदेड व लातूर भागांत ही रचना दोन ठिकाणी अडली. पहिली अडचण काळाची होती. बालाघाटाच्या रांगेतील कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट यांसारख्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक यांतील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात पेरणी-खुरपणीची कामे असतात. म्हणजे दहा महिने सलग चालणाऱ्या वर्गाला ज्यांची सर्वाधिक गरज होती, ते जवळजवळ सहा महिने गावातच नसत. मंजुरी व अनुदान येण्यास उशीर झाला, की वर्गाची सुरुवात नेमकी बैलगाड्या गावाबाहेर पडण्याच्या सुमारास होई. पटावर मात्र तीसच नावे असत. कारण तीसांखाली पट गेला तर केंद्र बंद होण्याची भीती निदेशकाला असे. पटावरील संख्या व प्रत्यक्ष उपस्थिती यांतील तफावत देशभरच आढळून आली आणि डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीने (१९८०) कार्यक्रमाच्या अंमलबजावणीत अनेक सुधारणा सुचविल्या. मराठवाड्यात या तफावतीमागे केवळ अप्रामाणिकपणा नव्हता. शेती, मजुरी व स्थलांतर यांचे पंचांग एक आणि योजनेचे आर्थिक वर्ष दुसरे, हे तिचे मूळ होते.

दुसरी अडचण शिकविण्याच्या विषयाची होती. १९७२-७३ च्या दुष्काळाचा तडाखा मराठवाड्याला जबर बसला. दुष्काळी कामांतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक आधार मिळाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. बंधारे, नालाबांध व रस्ते यांच्या कामावर मजुरी कामाच्या मोजमापानुसार मिळे. खोदलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार, त्याला लागू होणारा दर आणि त्या दराने टोळीतील प्रत्येकाच्या वाट्यास येणारी रक्कम हे गणित मुकादम करी. मजूर हजेरीपटावर अंगठा उमटवीत. अंगठ्यापुढील आकडा खरा की खोटा, हे पाहण्याची सोय त्यांना नव्हती. कार्यकुशलता व सामाजिक जाणीव ही ज्या कार्यक्रमाची घोषित अंगे होती, त्याला याहून चांगला पाठ सापडला नसता. काही उत्साही निदेशकांनी असे पाठ घेतलेही असतील. पण जिल्ह्याची रचना हजेरीपट वाचता येणारे मजूर मोजत नव्हती, पूर्ण झालेली केंद्रे मोजत होती.

वयोमर्यादेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पस्तीस वर्षांपुढील व्यक्ती योजनेच्या उद्दिष्टात बसत नसत. १९४२ च्या सुमारास जन्मलेली स्त्री १९७८ मध्ये छत्तीस वर्षांची होती; ती या कार्यक्रमाच्या गणतीबाहेर राहिली. दहा वर्षांनी आलेल्या साक्षरता अभियानाचा मुख्य वयोगटही पंधरा ते पस्तीसच होता. वरची मर्यादा काढली गेली २००९ मध्ये. तोपर्यंत ती सदुसष्ट वर्षांची झाली होती.

भाषेचा प्रश्न : नांदेड जिल्ह्याच्या सीमा तेलंगणाला व कर्नाटकाला, तर लातूरच्या कर्नाटकाला भिडतात. बिलोली, धर्माबाद व देगलूर भागांत तेलुगू. देगलूर, उदगीर, निलंगा पट्ट्यात कन्नड. शहरांत व मोठ्या गावांत दख्खनी उर्दू. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी आणि दोन्ही जिल्ह्यांतील तांड्यांवर बंजारा (गोरमाटी) बोली घरात बोलली जाते. शाळेत गेलेले मूल मराठी शिकून घेते. वयाच्या तिसाव्या वर्षी प्रथमच पाटी हाती धरणाऱ्या तांड्यावरील स्त्रीला मात्र अक्षर आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. तिच्या बाबतीत दोनशे किंवा तीनशे तासांचा हिशेब मुळातच चुकतो. बोलीतून आरंभ करून मराठीकडे नेणारा दुवा-पाठ देण्याची कल्पना शिक्षणतज्ज्ञांनी वारंवार मांडली. पण प्रौढवर्गांच्या सरकारी व्यवस्थेत तिला स्थिर स्थान मिळाले नाही. प्रत्यक्षात हे काम निदेशकानेच केले. तांड्यावरचा निदेशक तांड्यातलाच असेल तर वर्ग चाले. बाहेरून येणारा असेल तर तो सहसा टिकत नसे.

संपूर्ण साक्षरता अभियान : ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान प्राधिकरणाचे कार्य सुरू झाले. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये संपूर्ण साक्षर घोषित झाल्यावर जिल्हा हाच घटक मानून मोहिमेच्या पद्धतीने काम करण्याचा प्रघात पडला. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व वर्धा हे आरंभीच्या जिल्ह्यांपैकी होते. नांदेड व लातूर येथेही १९९० नंतरच्या दशकात हीच पद्धती अवलंबिली गेली. केंद्रांची उतरंड मोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नोंदणीकृत जिल्हा साक्षरता समिती स्थापावयाची, केंद्र व राज्य यांनी दोनास एक या प्रमाणात खर्च उचलावयाचा आणि शिकविण्याचे काम विनामानधन स्वयंसेवकांनी करावयाचे, अशी नवी रचना होती. दर दहा निरक्षरांमागे एक स्वयंसेवक, त्यांना शिकविणारे मुख्य प्रशिक्षक व त्यांच्यावर साधनव्यक्ती अशी साखळी असे. घरोघर पाहणी, प्रभातफेऱ्या, भिंतीवरील घोषणा व कलापथकांचे प्रयोग यांनी वातावरणनिर्मिती केली जाई. तीन भागांच्या प्रवेशिका सु. दोनशे तासांत पूर्ण करावयाच्या होत्या. चाचण्या प्रवेशिकेतच अंतर्भूत असत.

साक्षर कोणास म्हणावे, याचे मोजता येण्याजोगे निकष या अभियानाने ठरविले, ही त्याची मोठीच कामगिरी होय. साधा मजकूर मिनिटास तीस शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, मिनिटास सात शब्द पाहून व पाच शब्द ऐकून लिहिणे, शंभरपर्यंतचे अंक वाचणे-लिहिणे आणि तीन अंकांपर्यंतची साधी बेरीज व वजाबाकी करणे, असे हे निकष होते. वाचन, लेखन व गणित या प्रत्येकात निम्मे आणि एकूण सत्तर टक्के गुण मिळविणारा साक्षर मानला जाई. केवळ सही शिकविण्यावर भागविण्याच्या जुन्या सवयीला त्यामुळे आळा बसण्याची शक्यता निर्माण झाली.

लातूर जिल्ह्यात या काळावर एका आपत्तीची छाया पडली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. मोहिमेचा सारा भार ज्यांच्यावर होता, ती महसूल व शिक्षण खात्यांची माणसे मदत व पुनर्वसन यांत गुंतली. औसा व निलंगा तालुक्यांत तर वर्ग भरविण्यास ना जागा उरली ना मन. मात्र पुनर्वसनाच्या कामातच प्रौढ शिक्षणाचा एक अनपेक्षित प्रयोग घडला. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ग्रामस्थ व शासन यांच्यातील दुवा म्हणून गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांचे संघटन केले. अनुदानाचे हप्ते केव्हा मिळतात, सिमेंटच्या किती गोण्या देय आहेत, भिंतीत बांधणीचे दगड कोठे बसवावयाचे, हे त्यांनी स्वतः समजून घेऊन इतरांना सांगितले. त्यांतील अनेक जणी फार शिकलेल्या नव्हत्या. ही योजना साक्षरतेची नव्हती. तरी कागद, मोजमाप व हक्क यांचा मेळ घालण्याचे, १९७८ च्या कार्यक्रमाला अभिप्रेत असलेले शिक्षण येथे प्रत्यक्ष घडले.

याच दशकात लातूर शहराची महाविद्यालये बारावीच्या परीक्षेतील यशामुळे राज्यभर गाजली व ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. गुणवत्तायादीत विद्यार्थी झळकविणाऱ्या या जिल्ह्यात त्याच वेळी सु. निम्म्या किंवा त्याहून अधिक प्रौढ स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. एकाच जिल्ह्यातील या दोन गोष्टींचा एकत्र विचार फारसा झालेला दिसत नाही.

अनुसाक्षरता : वर्ग संपल्यानंतरची सोय म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जन शिक्षण निलयम ही योजना आली. चार-पाच गावांसाठी, सु. पाच हजार लोकसंख्येमागे एक निलयम, त्यात पुस्तके, वृत्तपत्रे, खेळाचे साहित्य व दरमहा २०० रु. मानधनावर एक प्रेरक, असे त्याचे स्वरूप होते. पुढे साक्षरोत्तर कार्यक्रम व त्यानंतर निरंतर शिक्षण केंद्रे आली. कागदावर ही साखळी निर्दोष होती. व्यवहारात एका टप्प्याचा निधी संपून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत महिने, कधी वर्षेही जात आणि तेवढ्यात नवसाक्षराचे अक्षर पुसट होई. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम (१९६७) अन्वये अनुदान मिळणारी ग्रंथालये दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या संख्येने निघाली. त्यांचा कारभार ग्रंथालय संचालनालयाकडे व नवसाक्षरांचा प्रौढ शिक्षणाकडे असल्याने, एकाच गावातील ग्रंथालय व निरंतर शिक्षण केंद्र यांची कपाटे शेजारी असूनही निराळी राहिली.

नवसाक्षर स्त्रियांच्या हाती अक्षर टिकविण्याचे काम बचत गटांनी केले, असे म्हणण्यास जागा आहे. १९९० नंतर महिला आर्थिक विकास महामंडळ व बँका यांच्या प्रोत्साहनाने गट वाढले. पुढे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (उमेद) त्यांचा विस्तार केला. मासिक बैठकीचे इतिवृत्त, प्रत्येकीची वर्गणी, कर्जाचे व्याज व बँकेचे पासबुक हे सर्व दर महिन्यास वाचावे लागते. ज्या गटात हिशेब लिहिणारी एकच शिकलेली मुलगी असते, तेथे बाकीच्यांचे अवलंबन कायम राहते. आळीपाळीने वही लिहिण्याची प्रथा जेथे पाळली जाते, तेथे निराळे चित्र दिसते. १९९३ च्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश व २०११ मध्ये राज्याच्या कायद्याने निम्म्या जागा राखीव झाल्यावर सरपंचपदी आलेल्या स्त्रीच्या सहीला कायदेशीर वजन प्राप्त झाले. वाचता न येता केलेल्या सहीचा धोकाही तेवढ्याच प्रमाणात वाढला.

व्यवसायकौशल्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. कामगार वस्त्यांसाठी १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाच्या धर्तीवर अन्यत्रही संस्था निघाल्या व २००० मध्ये त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. शिवणकाम, वीजजोडणी, सौंदर्यप्रसाधन यांसारखे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम त्या चालवितात. २०१८ मध्ये त्या शिक्षण खात्याकडून केंद्राच्या कौशल्यविकास खात्याकडे वर्ग झाल्या. साक्षरता एका खात्याकडे व कौशल्य दुसऱ्याकडे, अशी विभागणी त्यामुळे पक्की झाली. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात.

साक्षर भारत व त्यानंतर : ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत कार्यक्रमाचा भर कमी स्त्री-साक्षरतेच्या जिल्ह्यांवर होता आणि त्यात पंधरा वर्षांवरील सर्वांचा समावेश होता. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र, तेथे दरमहा २,००० रु. मानधनाचे दोन प्रेरक आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चाचणी अशी त्याची व्यवस्था होती. ३१ मार्च २०१८ रोजी हा कार्यक्रम संपला. त्यानंतर २०२० मधील अल्पकालीन पढना लिखना अभियान वगळता चार वर्षे प्रौढ साक्षरतेसाठी स्थिर अशी राष्ट्रीय योजना नव्हती. लोकशिक्षण केंद्रे बंद पडली व अनुभवी प्रेरक इतर कामांकडे वळले.

नवभारत साक्षरता कार्यक्रम (‘उल्लास’) हा २०२२ ते २०२७ या मुदतीसाठी १,०३७.९० कोटी रु. खर्चाचा असून त्यात पाच कोटी निरक्षरांचे उद्दिष्ट आहे. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण व निरंतर शिक्षण ही त्याची पाच अंगे होत. मानधनी निदेशक यात नाही. शाळा हा अंमलबजावणीचा घटक, शिक्षक हे पाहणी करणारे आणि विद्यार्थी, कुटुंबीय वा गावकरी हे स्वयंसेवक. निरक्षर व स्वयंसेवक या दोहोंची नोंद भ्रमणध्वनीवरील उपयोजनात होते. महाराष्ट्रात शिक्षण संचालनालय (योजना) हा कार्यक्रम पाहते. २०२३ मध्ये पाहणीचे काम अशैक्षणिक असल्याचे सांगून राज्यातील शिक्षकसंघटनांनी त्यावर बहिष्कार घातला होता. ग्रामशिक्षण मोहिमेत गावच्या मास्तरांनी जे काम आपणहून केले, ते साठ वर्षांनी त्याच पेशाला ओझे का वाटावे, याचे उत्तर शिक्षकावर दरम्यान लादल्या गेलेल्या इतर पाहण्यांच्या व नोंदींच्या संख्येत शोधावे लागते.

राज्यातील पहिली पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी १७ मार्च २०२४ रोजी शाळाशाळांतून झाली. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात आपल्या सोयीने येऊन तीन तासांत उत्तरपत्रिका सोडवावयाची होती. मराठीखेरीज इतर माध्यमेही उपलब्ध होती. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास असे एकूण १५० गुण होते आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के गुण मिळविणारा उत्तीर्ण ठरला. बाकीच्यांना ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा देऊन पुढील चाचणीस पुन्हा बसण्याची मुभा आहे. १९९० नंतरच्या अभियानात एकूण सत्तर टक्क्यांची अट होती, हे लक्षात घेता दोन्ही काळांतील नवसाक्षरांच्या संख्यांची थेट तुलना करता येत नाही.